मोनेंचं तळं आणि खिडकीबाहेरची झाडं

निसर्गचित्रं बघून मनावरचा ताण हलका होतो, हे वाक्य हल्ली कुठेही भेटतं. सोबत क्लोद मोने यांच्या कमळांचं चित्र हमखास असतं. मीही ते वाक्य प्रपोजलमध्ये बेधडक टाकलं होतं. गाईडनी समासात एकच शब्द लिहिला : 'कशावरून?' मग शोधायला बसलो.

कल्पना तशी जुनी आहे. कमळांच्या चित्रांनी वेढलेली एक खोली असावी, कामाने थकलेल्या माणसाच्या नसांना तिथे विसावा मिळावा, असा मोनेंचा विचार 1909 मधल्या एका लेखात येतो. पण लेख समीक्षक रॉजर मार्क्स यांचा आहे. म्हणजे मोनेंचे शब्द आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या लेखणीतून येतात, हे नोंदवून ठेवा.

ती खोली पुढे खरंच झाली. पण चित्रकार स्वतः शांत होता का? 1911 मध्ये पत्नी अलीस गेली, 1914 मध्ये मोठा मुलगा जाँ. डोळ्यांत मोतीबिंदू, 1923 मध्ये शस्त्रक्रिया. बाहेर महायुद्ध. ते जिव्हर्नीच्या आपल्या बागेतलं तळं रंगवत राहिले. युद्धविराम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, 12 नोव्हेंबर 1918 ला, त्यांनी मित्र क्लेमांसो यांना पत्र लिहून चित्रं देशाला देऊ केली. पॅरिसच्या ओरांजरीत दोन लंबगोल दालनं उघडली ती 1927 मध्ये. मोने आदल्या डिसेंबरातच वारले होते.

गोष्ट सुंदर आहे. पुरावा मात्र नाही. (इथेच आपण घसरतो.)

आकडे मिळतात ते भलतीकडेच. रॉजर उल्रिक यांचा 1984 चा 'सायन्स'मधला पेपर बघा. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या 1972 ते 1981 च्या जुन्या फायली त्यांनी काढल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. वय, लिंग, धूम्रपान वगैरे जुळवून 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही झाडंवाल्यांना कमी लागली.

जोड्या लावायची ही पद्धत मला फार आवडली. नवीन रुग्ण न घेता केवढं काम! पण सॅम्पल लहान, आणि झाडांची तुलना कोऱ्या भिंतीशी. गजबजलेला रस्ता दिसला असता तर? सगळ्याच इमारतींच्या दृश्यांना हा निष्कर्ष लावू नका, असं उल्रिक स्वतःच सांगतात. शिवाय ती खरी झाडं होती. इम्प्रेशनिस्ट चित्राचा त्या पेपरशी काहीच संबंध नाही.

तर प्रपोजलमधलं वाक्य आता असं आहे : 'झाडं दिसणाऱ्या खोलीतले रुग्ण एका अभ्यासात लवकर घरी गेले, रंगवलेल्या झाडांबाबत हे वेगळं तपासावं लागेल.' गाईडनी या वेळी समासात काही लिहिलं नाही.