खानदेशची वरात आणि यंत्रवाद्यें

अंजनी नदीच्या कांठीं वसलेलें एरंडोल हें पांडववाड्यासाठीं प्रसिद्ध असलेलें खानदेशांतील जुनें गांव. लग्नसराईंत ह्या मुलखांत वरात निघाली म्हणजे तींत बँडची गाडी हवीच. आणि त्या गाडीवर आज विजेचा कीबोर्ड व तालाचे पॅड असतात. अहिराणी गाण्याची चाल त्यांवरच उमटते. दूर जपानांत आखलेल्या यंत्रानें खानदेशचें गाणें बोलावें, हा योग कसा जुळून आला, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

परकें यंत्र आपलेंसें करण्याचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे हार्मोनियम. पॅरिसच्या दबँ नांवाच्या कारागिरानें १८४० च्या सुमारास हें वाद्य सिद्ध केलें. त्याचा भाता पायांनीं चाले, म्हणून वादकास खुर्चीवर बसावें लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हाताच्या भात्याची पेटी प्रचारांत आणली, आणि वाद्य बैठकीवर उतरलें. मराठी संगीत रंगभूमीनें तें उचलून धरलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं त्यास प्रतिष्ठा दिली. भजनी मंडळांत तर ‘पेटी’ हा शब्द घरचाच झाला.

परंतु पेटीचे सूर ठरलेले. दोन पट्ट्यांमधील मींड तिला काढतां येत नाहीं, हा आक्षेप इतका प्रबळ ठरला कीं १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपलीं दारें बंद केलीं. तीं पुन्हां उघडूं लागलीं तीं १९७१ च्या सुमारास. ह्या तीन दशकांत गांवोगांवच्या भजनांत पेटी मात्र अखंड वाजत होती. लोकांचा निवाडा आणि संस्थेचा निवाडा नेहमीं एकच असतो असें नाहीं, हेंच खरें.

यापुढील पाऊल विजेचें. कॉन्स्टंट मार्टिन ह्या फ्रेंच संशोधकानें १९४७ सालीं क्लॅव्हिओलिन हें वाद्य काढलें. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटांत कल्याणजी यांनीं त्यावर पुंगीचा भास निर्माण केला, आणि ती धून देशभरच्या वरातींत शिरली. १९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंते व बांसरीवादक जी. राजनारायण यांनीं इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनविला. येथें यंत्राची आंखणी करणाराच भारतीय संगीताचा जाणकार होता, हा मोठाच फरक.

आंकड्यांच्या युगांत मात्र सूत्रें पुन्हां दूर गेलीं. १९८३ सालीं अमेरिकन व जपानी कारखानदारांनीं ‘मिडी’ नांवाची समान भाषा ठरविली. तींत प्रत्येक सुराला शून्य ते १२७ यांपैकीं एक अंक मिळाला. सप्तकाचे भाग बारा, ही पियानोची चौकट त्यांत गृहीतच होती. १९९१ सालीं १२८ वाद्यध्वनींची प्रमाण यादी झाली. तींत सतार आली, सनई आली. पण तालवाद्यांच्या यादींत ना तबला, ना ढोलकी, ना संबळ!

खानदेशचा वादक यामुळें अडून बसला नाहीं. मिडींतच सूर वरखालीं वळविण्याची सोय होती. त्या चाकावर बोट ठेवून त्यानें मींड साधली. रोलंड कंपनीच्या १९८५ च्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाज नव्हता. त्याचे आठ चौकोन दुसऱ्या यंत्रांतील ध्वनि जागे करीत. ध्वनिमुद्रित ठोका यंत्रांत भरण्याची कला हातीं येतांच संबळ व ढोलकीलाही जागा झाली. भोपळा, बांबू आणि शिंग यांची आदिवासी पावरीसुद्धां कीबोर्डाच्या पट्ट्यांवर आली.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. हातानें घडलेली प्रत्येक पावरी आपल्यापुरती वेगळी. यंत्रांत मात्र एकाच पावरीचा ध्वनि शेंकडों वरातींत फिरतो. चाल टिकते, पण करणारा कारागीर व फुंकणारा छातीचा दम यांची गरज कमी होते. यंत्र नाकारून हें साधणार नाहीं. पेटीची कथा तेंच सांगते. ज्यांनीं पायांचा भाता हातावर आणला, त्यांनीं वाद्य बैठकीला जुळवून घेतलें, बैठक वाद्याला नव्हे. पुढील यंत्राची आंखणी होईल तेव्हां पावरी करणारा आणि संबळ वाजविणारा यांनाही त्या मेजापाशीं बसविलें पाहिजे. एरव्हीं सुरांची यादी दुसराच कोणी करील, आणि खानदेशाला तींतूनच निवड करावी लागेल.