मागचा प्रॉपेलर शाफ्ट तुटला, तर फोर-बाय-फोर गाडी चालवत घरी आणता येते का?

कच्च्या चढावर गाडीच्या पोटाखालून खाडकन आवाज येतो. मग गिअर पडतो, इंजिन रेस होतं, पण गाडी जागची हलत नाही. मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी 'फोर-बाय-फोर टाक आणि चल' हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

पुढच्या चाकांवर गाडी कशी चालते?

प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे ट्रान्सफर केसमधून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारी लांब नळी. तिच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटला गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. ग्रीस संपलं, चिखलपाणी आत गेलं की क्रॉस झिजतो. आधी बरेच दिवस टकटक ऐकू येते, आपण काणाडोळा करतो.

थार किंवा जिम्नीच्या फोर-बाय-फोर गाडीत टू-एच असताना फक्त मागच्या चाकांना ताकद मिळते. फोर-एच टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा शाफ्टही जोडते आणि पुढची चाकं गाडी ओढतात. एरवी कोरड्या डांबरावर फोर-एच टाळायचं असतं, कारण वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि यंत्रणा आवळली जाते. मागचा शाफ्ट नसताना तो प्रश्न उरत नाही. मात्र थार २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. तिच्यात हा उपाय नाही.

शाफ्ट काढायलाच हवा का?

हो, दोन्ही टोकांकडून, पूर्ण. तो दोरीने बांधून निघणं म्हणजे जिवाशी खेळ. टॉपच्या आसपासच्या गिअरमध्ये हा शाफ्ट साधारण इंजिनच्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे फिरतो. सुटलेलं टोक ब्रेकची नळी किंवा डिझेलची टाकी फोडू शकतं. पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं, तर गाडी मागून उचलली जाऊ शकते.

पण त्याहून मोठा धोका गाडीखाली शिरताना असतो. शाफ्ट तुटला की गिअरमध्ये ठेवून किंवा ऑटोमॅटिकचं 'पी' लावून मागची चाकं अडत नाहीत. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये तर हँडब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे तोही मागची चाकं धरत नाही. म्हणून आधी सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड, इंजिन बंद, चावी खिशात. मगच पाना हातात घ्या. बोल्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर खडूने खूण करा, शाफ्ट परत बसवताना बॅलन्स बिघडत नाही.

काही गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक बोल्टने न बसता ट्रान्सफर केसमध्ये सरकवलेलं असतं. ते काढलं की आतलं ऑइल बाहेर येतं. तिथे भोक घट्ट बंद करता येत नसेल, तर गाडी चालवू नका.

कधी अजिबात हलवू नये?

मागचा हाफ शाफ्ट तुटला असेल तेव्हा. बऱ्याच गाड्यांत चाक त्याच शाफ्टच्या आधाराने बसलेलं असतं, ते निखळून बाहेर येऊ शकतं. मागचा डिफरन्शियल जाम असेल तरीही नाही, कारण प्रॉपेलर शाफ्ट काढला तरी चाकं त्याला फिरवतच राहतात. फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्हमध्ये सेंटर डिफरन्शियल लॉक होत असेल तरच पुढची चाकं ओढतील. लॉकची सोय नसेल तर क्रेनच बोलवा.

रस्त्यावर काय बदलतं?

सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो, म्हणून ताशी ४०-५० किमीच्या पुढे जाऊ नका. पूर्ण स्टीअरिंग वळवलेलं असताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. फोर-एलमध्ये ताकद कैक पटींनी वाढते, त्याचा मोह टाळा. चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागीच फिरू लागतात. तिथे रेटू नका, दुसरा रस्ता बघा. काही जुन्या गाड्यांत पुढचे हब हाताने लॉक करावे लागतात, नाहीतर फोर-एच टाकूनही गाडी ढिम्म उभी राहते.

वाटेत चहाला थांबलात तरी दगड सोबत ठेवा.