चितवनचे अरण्य आणि त्याचे शेजारी

आपल्याकडील कित्येक देव्हाऱ्यांत शाळिग्राम असतो. तो ज्या गंडकीतून येतो, तीच नदी हिमालय उतरून नेपाळच्या सखल प्रदेशात आली म्हणजे तिला नारायणी म्हणतात. नारायणी आणि तिला मिळणारी राप्ती यांच्या काठी चितवनचे खोरे आहे. एकशिंगी गेंडा आणि वाघ यांच्यामुळे तेथील राष्ट्रीय उद्यान जगप्रसिद्ध झाले. परंतु मला येथे जनावरांपेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांविषयी, म्हणजे उद्यानाच्या हद्दीबाहेरील गावकऱ्यांविषयी सांगावयाचे आहे.

या अरण्याचा पहिला पहारेकरी डास होता. हिवतापाच्या भयाने डोंगराळ मुलखातील माणूस उन्हाळ्या-पावसाळ्यात या खोऱ्यात उतरण्यास धजत नसे. थारू लोक मात्र पिढ्यान् पिढ्या येथे राहत आले. त्यांच्या रक्तातच या रोगाला तोंड देण्याची काही शक्ती आहे, असे पुढे वैद्यकीय संशोधनाने दाखविले. काठमांडूच्या राणा सत्ताधीशांनी हे रान आपल्या शिकारीसाठी राखून ठेविले होते. दिल्ली दरबार आटोपून 1911 च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज येथे आले, तेव्हा त्यांच्या शिकारी पथकाने 11 दिवसांत 39 वाघ आणि 18 गेंडे मारले. एवढ्या संहारानंतरही रान टिकले, कारण शिकारी परत जात आणि डास मागे राहत!

1950 च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि हा पहारा उठला. डोंगरांतून भूमिहीन कुटुंबांचे लोंढे खाली आले. सरकारनेच त्यांना वसविले. गवताळ कुरणांची शेते झाली. 1950 च्या सुमारास 800 च्या घरात असलेले गेंडे पुढील दशकाच्या अखेरीस जेमतेम शंभर उरले. 1961 मध्ये ‘गैंडा गस्ती’ नावाचे सशस्त्र पथक उभारले गेले. 1964 च्या सुमारास अरण्यातून सुमारे 22 हजार लोकांना हलविण्यात आले. 1973 साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि दोन वर्षांनी तेथे सैन्य आले. गेंडा वाचला तो या कठोर उपायांनी, हे निखालस खरे आहे.

पण त्याचे मोल कोणी दिले? थारूचे घर बोरू, माती आणि गवत यांचे. शाकारणीचे गवत, जळण, गुरांचा चारा, भाजीसाठी कोवळे नेचे, नदीतले मासे या सगळ्यांसाठी तो रानात जात असे, आणि एका कायद्याने हे सगळे चोरीच्या सदरात जाऊन पडले. गेंड्याला मात्र असा कायदा नव्हता. तो रात्री राप्ती ओलांडून येई आणि भातशेतात यथेच्छ चरून पहाटे परत जाई. शेतकऱ्याने मचाणावर बसून रात्रभर डबे वाजवावेत आणि सकाळी उरलेले पीक मोजावे. नुकसानभरपाईची सोय फार उशिरा झाली. सरकारने एक शहाणपण दाखविले ते असे, की दर हिवाळ्यात काही दिवस परवाना देऊन गवत कापण्यास उद्यान खुले केले. त्या दिवसांत हजारो बायका-पुरुष विळे घेऊन आत जात आणि वर्षभराच्या छपराची बेगमी करीत. उद्यानाचा आपल्याला काही उपयोग आहे असे गावाला वाटण्याजोगे त्या काळी एवढेच होते.

1989 मध्ये सौराहाजवळच्या बाघमारा या गावी एका वेगळ्या प्रयत्नास आरंभ झाला. गुरे चरून उजाड झालेल्या पडीक जमिनीवर एका नेपाळी निसर्गसंरक्षण न्यासाच्या साहाय्याने गावकऱ्यांनी शिसवीची रोपे लाविली आणि कुंपण घातले. गुरे बाहेर राहिली, गवत वाढले, चारा व जळण गावातच मिळू लागले. आणि पाठोपाठ गेंडेही तेथे येऊन राहिले! मग प्रवासी आले. पुढे हे वन रीतसर गावाच्या हवाली झाले. तिकिटाचे पैसे आता गावाच्या पेटीत पडू लागले.

दरम्यान 1993 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1996 मध्ये उद्यानाभोवतीचा सुमारे 750 चौरस किलोमीटरचा पट्टा ‘बफर क्षेत्र’ ठरला. उद्यानाच्या उत्पन्नातील 30 ते 50 टक्के रक्कम या पट्ट्यातील गावांच्या विकासासाठी देण्याची तरतूद झाली. वस्तीवस्तीत स्त्रियांचे व पुरुषांचे वेगळे गट, त्यांवर समित्या, अशी रचना झाली. खर्चाची वाटणीही ठरली: संरक्षणास 30 टक्के, गावच्या सोयींस 30, उत्पन्नाच्या साधनांस 20, कारभारास 10 आणि संरक्षणाच्या शिक्षणास 10. या शेवटच्या दहा टक्क्यांतून शाळांतील निसर्गमंडळे आणि शिबिरे चालली. ती चालावीतच, पण माझ्या मते खरी शाळा भरली ती समितीच्या बैठकीत. ज्या बाईने जन्मात सरकारी कागदाला हात लाविला नव्हता, ती पैसे कोठे गेले हे विचारू लागली, हे शिक्षण भित्तिपत्रकांनी झाले नसते.

त्याची कसोटी लवकरच लागली. माओवादी यादवीच्या काळात सैन्याच्या चौक्या कमी झाल्या आणि चोरट्या शिकाऱ्यांचे फावले. चितवनमधील गेंडे 2000 साली 544 होते, ते 2005 मध्ये 372 झाले. गावसमित्या एकट्याने हा घाला थोपवू शकल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे. यादवी संपल्यावर सैनिक परतले, पण आता गावोगावच्या तरुणांची गस्तही त्यांच्या जोडीला होती. 2011 साली संपूर्ण नेपाळात चोरट्या शिकारीत एकही गेंडा मेला नाही. 2021 च्या गणनेत चितवनमध्ये 694 गेंडे आढळले.

ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला काही नावे अजून आहेत. बोटे, माझी, मुसहर हे लोक नदीवर जगणारे. नाव आणि जाळे हीच त्यांची शेती. ज्याच्या दावणीला गाय नाही त्याला गावच्या वनातला चारा काय कामाचा? गोबरगॅससाठी मदत मिळते, पण शेणच नाही तर संयंत्र कशावर चालावे? त्यांना हवी होती मासेमारीची मोकळीक, आणि ती परवान्यांत व बंदीत अडकून पडली. प्रवाशांचा पैसा सौराहाच्या आसपास साचला. दूरच्या वस्त्यांत रानडुक्कर तेवढे पोहोचले. चेपांग या डोंगरी जमातीची काही कुटुंबे माडी भागात कुसुम खोल्याच्या काठी राहत होती. जुलै 2020 मध्ये उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तेथील दोन घरे जाळली आणि आणखी काही हत्तींकडून पाडविली. अतिक्रमण काढले, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. भर पावसाळ्याचे दिवस होते, आणि त्या कुटुंबांपाशी जमिनीचा कागद नव्हता.