खोली उबदार ठेवायची कशाने : गॅसने की विजेने?

नवी दिल्ली : जानेवारीत राजधानीचे किमान तापमान चार-पाच अंशांवर किंवा त्याहूनही खाली येते. येथील बहुतेक घरे मात्र उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. गुळगुळीत फरशी, छताजवळचे झरोके, दाराखाली बोटभर फट. मे महिन्यात याच गोष्टी सुखावह वाटतात, पण हिवाळ्यात त्याच घराला शीतगृह करून टाकतात. पुण्याहून किंवा कोल्हापुरातून बदलीवर आलेले कुटुंब पहिल्या हिवाळ्यात स्वेटर आणि रजईवर भागवू पाहते आणि आठवडाभरात हीटरच्या दुकानात पोहोचते. तेथे गॅसवर चालणारा आणि विजेवर चालणारा असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी मांडलेले असतात. विक्रेता हटकून सांगतो, ‘गॅसचा घ्या, बिल येणार नाही.’ ग्वाल्हेर, डेहराडून, चंदीगड किंवा शिमला येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही दर वर्षी हाच प्रश्न पडतो.

विक्रेत्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रवरूप पेट्रोलियम गॅस असतो. तो पूर्ण जळल्यास विजेच्या परिभाषेत सुमारे १८० युनिट इतकी उष्णता मिळते. त्यामुळे आपल्या गावातील सिलिंडरच्या किमतीला १८० ने भागले की गॅसच्या उष्णतेचा प्रतियुनिट दर निघतो. उदाहरणादाखल सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर हा दर पाच रुपये पडतो. विजेचा साधा हीटर एका युनिटमागे एकच युनिट उष्णता देतो, मग तो सळईचा असो, पंख्याचा असो वा तेल भरलेला. त्यात कोणतीही जादू नसते. विजेचा दर सर्व आकार धरून आठ रुपये असेल, तर उष्णताही आठ रुपयांनाच मिळते. दोन महिने रोज रात्री चार तास सरासरी दीड किलोवॉट उष्णता हवी असल्यास एकूण ३६० युनिट लागतील. गॅसवर त्यासाठी दोन सिलिंडर, म्हणजे १८०० रुपये खर्च होतील, तर विजेवर २८८० रुपये. गॅसचा फायदा येथवर स्पष्ट आहे.

परंतु या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. गॅस जळाल्यावर जे उरते ते कोठे जाते?

काश्मीर, लडाख किंवा हिमाचलमधील लोकांना हा प्रश्न नवा नाही. तेथील बुखारीला पत्र्याची नळी असते आणि ती छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढलेली असते. लाकूड वा कोळसा खोलीत जळतो, धूर मात्र आकाशात जातो. ब्रिटनमध्ये गॅसच्या शेकोट्या रुळल्या त्याही बहुतांशी जुन्या कोळशाच्या चुलाण्यांच्या जागी बसल्या. धुराडे आधीपासून तयारच होते. तेथे भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे घरमालकास कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या मैदानी शहरांत विकल्या जाणाऱ्या चाकांच्या गॅस हीटरला मात्र नळीच नसते. त्याची ज्योत खोलीतील हवा घेते आणि जळून उरलेले सारे त्याच खोलीत सोडते. उष्णता वाया जात नाही असे जे कौतुकाने सांगितले जाते, त्याचे कारण हेच.

याचा परिणाम किती, हे साध्या आकडेमोडीने पाहता येते. असा हीटर पूर्ण आचेवर ताशी सुमारे ३०० ग्रॅम गॅस जाळतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. ३०० ग्रॅम गॅस जाळण्यासाठी एक किलोहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. खोली पूर्णपणे बंद असेल, तर तासाभरात हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांवर उतरते. त्याच तासात जवळपास ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा लिटर पाण्याची वाफ हवेत मिसळते. प्रत्यक्षात कोणतीच खोली इतकी घट्ट बंद नसते, हे खरे. पण थंडीत आपण काय करतो? दाराखाली जुनी चादर सरकवतो, झरोक्यावर पुठ्ठा लावतो, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबतो. विजेच्या हीटरसाठी हे सर्व उपाय योग्यच आहेत, कारण त्यामुळे उष्णता टिकते आणि बिल घटते. गॅस हीटर असलेल्या खोलीत हेच उपाय जीव घेऊ शकतात.

प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत नीट जळत नाही. निळी ज्योत पिवळट होते आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. गळती लक्षात यावी म्हणून सिलिंडरमधील गॅसमध्ये मुद्दाम उग्र दर्पाचे रसायन मिसळलेले असते, परंतु ज्वलनात ते जळून जाते. त्यामुळे ‘वास आला तर कळेलच’ हा भरवसा येथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळून जातात. हिवाळ्यात ही लक्षणे सर्दी-तापाची समजून माणूस रजई ओढून झोपतो आणि झोपेतच शुद्ध हरपते. करोनाकाळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटरही येथे फसवते, कारण ते प्राणवायू वाहणारे आणि कार्बन मोनॉक्साइड वाहणारे हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड ठिकाणी केरळमधून गेलेले आठ पर्यटक एका खोलीत झोपले होते. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅस हीटर सुरू होता, दारे-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी ते बेशुद्धावस्थेत आढळले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेऊनही एकही जण वाचला नाही. मराठी वाचकाला हा धोका वेगळ्या रूपात परिचित आहे. स्नानगृहातील गॅस गीझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील शहरांतून अधूनमधून येत असतात. शास्त्र तेच, फक्त स्नानगृहाऐवजी शयनगृह आणि दहा मिनिटांऐवजी संपूर्ण रात्र.

चांगल्या गॅस हीटरमध्ये प्राणवायूचे प्रमाण घटताच गॅस बंद करणारी सुरक्षा झडप असते. साधारण १८ टक्क्यांच्या आसपास ती काम करते. हीटर घ्यायचाच असेल, तर ही झडप नसलेला घेऊच नये. मात्र ती शेवटचा बचाव आहे, खिडकीचा पर्याय नव्हे. झडपेचा छोटा बर्नर धुळीने तुंबला वा हीटर जुना झाला, तर तिच्यावर किती विसंबावे हा प्रश्नच आहे. खिडकी वीतभर उघडी ठेवावी लागते आणि ताज्या हवेबरोबर थंडीही आत येते. ती हवा तापवण्यात गॅसची बरीचशी उष्णता खर्च होते. पाच आणि आठ रुपयांतील तफावत येथे आटू लागते. वाफेचा भाग निराळाच. रात्रभरात काही लिटर पाणी थंड भिंतींवर आणि काचांवर उतरते व फेब्रुवारीपर्यंत कपाटामागे बुरशी धरते. गॅसची ऊब ‘मऊ’ लागते असे अनेक जण सांगतात. ती मऊ लागते ती या वाफेमुळेच.

विजेच्या हीटरबाबतही गैरसमज कमी नाहीत. लालभडक सळई पाहून ती प्राणवायू ‘खाते’ असे मानले जाते. तेथे काहीही जळत नसल्याने प्राणवायू खर्च होण्याचा प्रश्नच येत नाही. हवा कोरडी वाटते ती तापल्यामुळे. हवेतील पाणी तेवढेच राहते, सापेक्ष आर्द्रता घटते. विजेचा खरा धोका आगीचा आणि धक्क्याचा आहे. २००० वॉटचा हीटर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. मोबाइल चार्जरच्या साध्या बोर्डावरून किंवा स्वस्त एक्स्टेंशनवरून तो चालवणे म्हणजे तार वितळण्याची वाट पाहणे होय. भाड्याच्या जुन्या घरात पलंगाजवळ असा प्लग क्वचितच असतो, आणि तेथूनच एक्स्टेंशनचा मोह सुरू होतो. पडदा, रजई आणि वाळत घातलेले कपडे हीटरपासून किमान तीन फूट दूर असावेत. घरात रांगते मूल असेल, तर उघड्या सळईपेक्षा तेलाचा हीटर बरा. तो तापायला वेळ घेतो, पण त्याचा पृष्ठभाग सळईइतका दाहक नसतो आणि बंद केल्यावरही काही काळ ऊब देत राहतो.

विजेच्या बाजूने एक तिसरा पर्याय आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गरम-थंड अशा दोन्ही कामांचा इन्व्हर्टर एअर कंडिशनर. तो उष्णता निर्माण करत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणतो. त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. वरच्याच हिशेबात त्याचा खर्च ९६० रुपयांच्या आसपास, म्हणजे गॅसपेक्षाही कमी येतो. अडचण अशी की, आपल्याकडील बहुसंख्य यंत्रे केवळ थंड करणारी असतात आणि ग्राहक मे महिन्यात खरेदी करताना जानेवारीचा विचार करत नाही. शून्याखालील तापमानात साध्या यंत्राची क्षमता घटते. दिल्ली, लखनौ किंवा ग्वाल्हेरच्या थंडीत मात्र ते व्यवस्थित चालते.

वीजबिलाचे गणित गावागणिक बदलते, कारण दर टप्प्यांनी वाढतात. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून दरमहा २०० युनिटपर्यंतचे घरगुती बिल माफ आहे आणि ४०० युनिटपर्यंत निम्मी सवलत मिळते. दीड किलोवॉटचा हीटर रोज चार तास चालला, तर महिन्याला १८० युनिटची भर पडते. एरवी हिवाळ्यात २०० युनिटच्या आत राहणारे कुटुंब त्यामुळे सवलतीच्या पहिल्या पायरीवरून घसरते, तर आधीच २५० वर असलेले कुटुंब ४०० ओलांडून संपूर्ण सवलत गमावते. म्हणून हीटर घेण्याआधी मागील वर्षीच्या डिसेंबर व जानेवारीची बिले काढून पाहणे हे दुकानातील कोणत्याही सल्ल्यापेक्षा उपयुक्त ठरते. घराचा मंजूर भारही तेव्हाच तपासावा.

पर्यावरणाच्या दृष्टीने निकाल थोडा अनपेक्षित आहे. देशातील विजेचा मोठा वाटा आजही कोळशापासून येतो आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गॅसवर तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे पाव किलोच. म्हणजे साधा विजेचा हीटर हवामानासाठी गॅसपेक्षा वाईट ठरतो आणि गरम-थंड एसी गॅसच्या बरोबरीला येतो. शहराच्या हवेचा विचार वेगळा. दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण आराखड्यात निवासी संकुलांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर पुरवावेत असे सांगितले आहे, ते त्यांनी रात्री लाकूड-कचरा पेटवू नये म्हणून.

मग गॅस हीटरला जागाच नाही का? आहे. जेथे रात्र-रात्र वीज जाते तेथे विजेचा हीटर निरुपयोगी असतो, आणि घरातील इन्व्हर्टरवर तो चालवण्याची कल्पना सोडून द्यावी. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावरही १.८ युनिटच वीज साठते. अशा ठिकाणी जाग्या माणसांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, गॅस हीटर चालवता येतो. झोपण्यापूर्वी तो बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा. शयनगृहात, लहान मुलांच्या खोलीत किंवा हालचाल मंदावलेल्या वृद्धांच्या खोलीत धूरनळी नसलेला गॅस हीटर ठेवू नये, मग बचत कितीही होवो. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे तर त्याहूनही घातक.

गॅस हीटर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास लावावे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या गळतीचा इशारा देणारे यंत्र मात्र जमिनीजवळ असावे लागते. ही दोन वेगळी यंत्रे आहेत. गळतीचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. बंद खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर औषधाची गोळी शोधत बसू नये. सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे, मग ११२ वर दूरध्वनी करावा आणि खोलीत गॅस हीटर सुरू होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.