वऱ्हाडातील कापूस-सुधारणा व ग्राहकसंघटना

वऱ्हाडातील कापूस-सुधारणा व ग्राहकसंघटना : मालाचा वापर करणाऱ्यांनी तक्रारी एकत्र करून त्या सुधारणांच्या मागण्या म्हणून संघटितपणे मांडल्याचे एक जुने उदाहरण. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी व व्यापाऱ्यांनी १८५७ मध्ये ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. हिंदी कापूस आखूड धाग्याचा, कचरायुक्त व भेसळीचा असतो, ही तिची मुख्य तक्रार होती. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) तेथील पुरवठा आटल्याने तिच्या मागण्यांस जोर आला. मात्र त्या शेतकऱ्याकडे न जाता शासनाकडे जात. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी कापूस आयुक्ताचे पद निर्माण झाले. ते हॅरी रिव्हेट-कर्नाक यांनी सांभाळले. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि अकोला-अमरावतीचा कापूस बंदरापर्यंत लवकर पोहोचू लागला.

वाहतुकीची मागणी अशी पूर्ण झाली. बियाण्याची मात्र झाली नाही. परदेशी जाती येथील कोरडवाहू शेतीत टिकल्या नाहीत. देशी जातींतही तलम धाग्याची ‘बणी’ मागे पडून लवकर येणारी, अधिक रुई देणारी, पण भरड ‘जरी’ पसरली. बणीला मिळणारा जादा भाव कमी उताऱ्याची भरपाई करण्यास अपुरा होता. पिकाची जोखीम शेतकऱ्याची असूनही मागण्यांच्या यादीत त्याची गरज नव्हती.

उत्पादक, व्यापारी व गिरणीमालक यांना एकत्र आणणारी ‘इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी’ १९२१ मध्ये स्थापन झाली. १९६९ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाल्यावर वाणसंशोधनाला वऱ्हाडातच विद्यापीठीय अधिष्ठान लाभले.