कस्टम : रूढी आणि जकात

इंग्रजीतील ‘कस्टम’ हा शब्द, ज्याचे मूळ लॅटिन ‘कॉन्सुएतूदो’ म्हणजे अंगवळणी पडलेली रीत असे असून जो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला, तो प्रथम रूढीचा, पुढे रूढीनुसार धन्यास द्यावयाच्या देण्याचा आणि अखेरीस मालावरील जकातीचा वाचक झाला. फारसी ‘दस्तूर’ व त्यावरून आलेली आपली ‘दस्तुरी’ यांचा अर्थही याच वाटेने गेला, याचे मला मोठे नवल वाटते. जकातीची एक जुनी खूण आपल्याकडेही दाखवली जाते: मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाट चढू लागल्यास, सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाची गुहा मागे टाकताच, माथ्यावर दगडी रांजण लागतो. कल्याणहून जुन्नरास जाणारे व्यापारी त्यातच जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते.