गंधकप्रेमी रेणूची कहाणी

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द हल्ली औषधांच्या दुकानापासून चहाच्या खोक्यापर्यंत सगळीकडे भेटतो. पण या जातीचे सर्वात महत्त्वाचे पेप्टाइड आपल्या पेशी स्वतःच तयार करतात.

१८८८ साली द रे-पायाद या फ्रेंच संशोधकाला यीस्टमध्ये गंधकाशी चटकन अभिक्रिया करणारा एक पदार्थ आढळला. त्याने नाव ठेवले 'फिलोथिऑन', म्हणजे गंधकप्रेमी. १९२१ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी असाच पदार्थ वेगळा काढून त्याला 'ग्लुटाथायोन' म्हटले आणि तो दोन अमिनो आम्लांचा असल्याचे सांगितले. १९२७ मध्ये हंटर आणि ईगल्स यांनी त्यावर शंका घेतली. हॉपकिन्स यांनी काम पुन्हा तपासले आणि १९२९ मध्ये ग्लायसिन हे तिसरे आम्ल मान्य केले. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले, ते मात्र जीवनसत्त्वांसाठी! माझ्या मते ही दुरुस्तीही कमी मोलाची नव्हती.

या रेणूतल्या सिस्टीनचा गंधक पेशीतल्या घातक पेरॉक्साइडांना निष्प्रभ करतो. मग बाहेरून अँटिऑक्सिडंट घेतले तर रोग टळतील, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिची परीक्षा झाली. १९९४ चा निकाल उलटा लागला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. ग्लुटाथायोनची गोळी घ्यावी, तर त्यातले बरेचसे आतड्यातच फुटते. गोरेपणासाठी त्याची इंजेक्शने घेणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

खरा उपयोग निघाला तो वेगळ्याच ठिकाणी. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो आणि ग्लुटाथायोन त्याला बांधून टाकते. मात्रा फार झाली की हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. १९७० च्या दशकात एडिनबरोला प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी एन-असिटिलसिस्टीन शिरेतून देऊन पाहिले. त्यातून पेशीला सिस्टीन मिळते आणि ग्लुटाथायोन ती स्वतः घडवते. पहिल्या आठ तासांत दिले तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचते.

भारतातली क्रोसिन आणि अमेरिकेतली टायलेनॉल यांत औषध एकच. अमेरिकेत त्याला असिटामिनोफेन म्हणतात, आणि सर्दीच्या कित्येक औषधांतही ते मिसळलेले असते. त्या साऱ्या मात्रांची बेरीज एकाच यकृतात होते.